‘टेबल करू या’ म्हणजे आज की नंतर?

बाई, नमस्कार.

मी २६ वर्षांची आहे. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग इंजिनिअरिंग, आणि गेली दोन वर्षं पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. इंग्रजी वाचता येतं, मेल लिहिता येते, कामापुरतं बोलताही येतं. पण कॉलवर क्लायंट बोलायला लागले की एकेक शब्द कळतो आणि वाक्य कळत नाही. मागच्या महिन्यात अमेरिकेतले साहेब एका मुद्द्यावर ‘लेट्स टेबल धिस’ म्हणाले. मी रात्री दोनपर्यंत जागून सगळं तयार केलं. दुसऱ्या दिवशी कुणी विषयच काढला नाही. मी काढला, तर आमच्याच टीममधले हसले. इंग्लंडच्या क्लायंटकडे लीड्सच्या एक बाई आहेत. त्यांनी मेलमध्ये आपण जरा ‘अंडर द वेदर’ असल्याचं लिहिलं, तर मी ‘इकडेही खूप पाऊस आहे’ असं कळवून मोकळी झाले. परवा त्याच बाई म्हणाल्या की सर्व्हर ‘गॉन डूलॅली’. मला तर ‘डुलली’ असंच ऐकू आलं! शेवटी पाचशे वाक्प्रचारांचं एक पुस्तक आणलं, रोज दहा पाठ करते. त्यातलं ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ कॉलवर वापरलं, तेव्हापासून टीममधला एक जण मला ‘आजी’ म्हणतो. आता मी कॉलवर गप्पच बसते. काय करू?

– गोंधळलेली, पुणे (मूळची देवळाली कॅम्पची)

प्रिय गोंधळलेली,

तुला ‘तू’च म्हणते, कारण मी शिकवलेल्या शेवटच्या तुकडीतल्या मुली तुझ्याच वयाच्या असतील. तीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. त्यामुळे तुझ्या गोंधळात आमच्या पिढीच्या शिक्षकांचा वाटा किती, हे मला चांगलं ठाऊक आहे. त्याची कबुली पुढे देतेच.

आधी तुझ्या टेबलाचं बघू. तू लावलेला अर्थ बरोबर होता, फक्त देश चुकला. इंग्लंडमध्ये विषय ‘टेबल’ करायचा म्हणजे चर्चेला मांडायचा. आपल्याकडे तीच रीत आली. विधानसभेत अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर ठेवला’ असं आपण पेपरात वाचतो, ते पटल म्हणजे हेच टेबल. अमेरिकेत नेमकं उलटं. तिथे विषय टेबल केला म्हणजे बाजूला सारला, आज नको, पुढे बघू. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४१ मध्ये, चर्चिल आपले सेनाधिकारी घेऊन वॉशिंग्टनला गेले होते. एक कागद तातडीने चर्चेला घ्यावा म्हणून ब्रिटिश अधिकारी तो ‘टेबल’ करू म्हणाले. विषय महत्त्वाचा आहे, तो ‘टेबल’ करून चालणार नाही, असं अमेरिकन म्हणाले. बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं आणि मग लक्षात आलं की दोघांनाही एकच गोष्ट हवी होती. हे चर्चिल यांनीच आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय. दोघांचीही मायबोली इंग्रजी, हाताशी लढाईचे नकाशे, आणि भांडण एका क्रियापदावरून! तेव्हा तू एक रात्र जागलीस ते झोपेच्या दृष्टीने वाईट झालं, पण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जे हसले त्यांच्यापैकी किती जणांना ही भानगड माहीत होती, हे एकदा सहज विचारून बघ.

आता तुझ्या त्या पुस्तकाविषयी. ते माळ्यावर टाक असं म्हणणार नाही, पैसे दिलेत. पण रोज दहा पाठ करणं मात्र आजपासून बंद. का, ते सांगते. तू मराठी वाक्प्रचार कधी पाठ केलेस? परीक्षेपुरते केले असशील, पण ते तुला येतात ते काही त्या पाठांतरामुळे नव्हे. ‘डोळा लागला’ म्हणजे झोप लागली. ‘डोळे लागले’ म्हटलं की कुणाची तरी वाट पाहणं चाललंय. ‘त्याचा त्या जमिनीवर डोळा आहे’ म्हटलं की तो ती बळकावायच्या बेतात आहे. आणि ‘डोळे आलेत’ म्हणजे औषधाचे थेंब आणा आणि टॉवेल वेगळा ठेवा. एकाच अवयवाची किती नाटकं! त्यातलं एकही ‘डोळा’ या शब्दाचा अर्थ माहीत असल्यामुळे कळत नाही. कळतं ते यासाठी, की लहानपणापासून आजूबाजूची माणसं हे कधी, कुणाला, कसल्या सुरात म्हणतात ते तू ऐकलंस. आई म्हणाली, ‘हळू बोल, बाबांचा आत्ताच डोळा लागलाय.’ झालं. कोश उघडावा लागला नाही.

आणि हे तुकडे अख्खेच्या अख्खे चालतात, त्यातला शब्द बदलून चालत नाही. नाक मुरडता येतं, नासिका मुरडली तर लोक वैद्याकडे नेतील. (नाशिकजवळच्या मुलीला नाकाचं महत्त्व मी काय सांगावं!) इंग्रजीतही बादलीला लाथ मारायची तर ‘बकेट’लाच मारावी लागते. ‘पेल’ म्हणजेही बादलीच, पण त्या बादलीला लाथ मारून कुणी मरत नाही.

त्या बादलीपाशीच माझी कबुली आहे. ‘किक द बकेट म्हणजे मरणे’ असं मी फळ्यावर लिहून द्यायची. पाच वाक्प्रचार, पाच अर्थ, वाक्यात उपयोग करा, पाच गुण. एकदा नववीतल्या एका मुलाने इंग्रजीत रजेचा अर्ज लिहून आणला: माय ग्रँडफादर किक्ड द बकेट, म्हणून दोन दिवस रजा मिळावी. मी हसले, आणि वर तो अर्ज स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. घरी गेल्यावर कळलं की मूर्खपणा त्याचा नव्हता. मी त्याला अर्थ दिला होता, लाज दिली नव्हती. मराठीत त्याने ‘आजोबा गचकले, तरी रजा मिळावी’ असं मरेपर्यंत लिहिलं नसतं. ‘वारले’, ‘गेले’, ‘देवाज्ञा झाली’, ‘गचकला’, ‘खपला’ यांचा अर्थ एकच, पण कुठला शब्द कुणाच्या दारात न्यायचा, हे त्याला मराठीत पक्कं ठाऊक होतं. हा बादलीवाला वाक्प्रचार १७८५ मध्ये फ्रान्सिस ग्रोस यांनी छापलेल्या बाजारू बोलीच्या कोशात सापडतो. म्हणजे तेव्हापासूनच तो उनाड आहे. त्याला शोकपत्रात बसवायचं नसतं. तुझ्या पुस्तकात त्याच्यापुढे ‘मरणे’ एवढंच लिहिलेलं असणार. बघ काढून.

कुत्र्या-मांजरांचं दुखणंही याच घराण्यातलं. अर्थ बरोबर, व्याकरण बरोबर, वय चुकलं. जॉनथन स्विफ्ट यांच्या १७३८ च्या लेखनात ही कुत्री-मांजरं आहेत, आणि तिथेही ती गुळगुळीत झालेल्या, उठताबसता बोलल्या जाणाऱ्या वाक्यांची थट्टा म्हणून आली आहेत. पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी ज्याची टिंगल झाली ते आपण आठवीत मुलांना ‘चांगलं इंग्रजी’ म्हणून देतो! आज तिकडे कुणी म्हणत नाही असं नाही, पण रोज पावसाळ्यात भिजणारा माणूस बहुधा ‘पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो. जाता जाता आणखी एक. ‘पूर्वी गवताच्या छपरावर कुत्री-मांजरं झोपायची आणि पाऊस आला की खाली घसरायची, म्हणून हा वाक्प्रचार’ ही गोष्ट तुला कधीतरी कुणीतरी फॉरवर्ड करेलच. ती खोटी आहे. १९९९ च्या सुमारास ई-मेलवरून फिरलेल्या थापांच्या एका माळेतली ती एक. वाक्प्रचारांच्या जन्मकथा ऐकायला गोड असतात, म्हणूनच जपून घ्याव्यात. आपल्याकडेही मुसळधार पाऊस पडतो, पण आकाशातून मुसळं पडल्याची बातमी अजून कुणी दिलेली नाही.

मग जन्मकथा सोडून द्यायच्या का? नाही. वाक्प्रचार कुठल्या मैदानातून आला एवढं कळलं की निम्मं काम होतं. तू मैत्रिणीला सांगतेस, ‘काकांनी सहलीला खो घातला.’ खो-खो न पाहिलेल्या माणसाला हे कसं कळावं? तुझ्या अमेरिकन साहेबांचं तसंच आहे. त्यांचा खो-खो म्हणजे बेसबॉल, आणि आपण कुणी तो खेळलेलो नाही. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. ‘बॉलपार्क फिगर’ मागितला म्हणजे अंदाजे आकडा, मैदानाच्या आत पडला तरी पुरे. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात एकमेकांशी बोलून घेऊ. ‘कर्व्हबॉल’ टाकला म्हणजे अनपेक्षित अडचण आली. आपण त्याला ‘गुगली टाकली’ म्हणतोच की. सगळ्यात फसवा तो ‘रेन चेक’. पावसामुळे सामना रद्द झाला की पुढच्या सामन्यासाठी प्रेक्षकाला जो तिकिटाचा तुकडा मिळायचा, तो हा. म्हणून जेवायला बोलावल्यावर समोरचा ‘रेन चेक’ घेतो म्हणाला, तर तो हवामान बघून सांगणार नसतो. तो आज येत नाही, आणि नकार गोड करून देतोय. पुढे येईलच असंही नाही.

लीड्सच्या बाईंकडे मात्र तुझी चांदी आहे. त्यांचं मैदान आपलंच. ‘स्टिकी विकेट’ म्हणजे काय हे तुला समजावून द्यायला नको. खेळपट्टी झाकत नसत त्या काळात, पाऊस पडून वाळत आलेल्या मातीवर चेंडू वाट्टेल तसा उडायचा, फलंदाजाची धडगत नसे. ‘ऑफ माय ओन बॅट’ म्हणजे कुणी न सांगता, आपणहून. आणि त्यांचे आजोबा नव्वदीत गेले आणि त्या म्हणाल्या की त्यांनी ‘गुड इनिंग्ज’ खेळली, तर ते आपलं ‘पिकलं पान होतं, गळालं’. पण एक सांभाळ. पिकलं पान हे घरच्यांनी म्हणायचं असतं. बाहेरच्याने मुलाला जाऊन ‘पिकलं पानच होतं’ म्हटलं तर बरं दिसेल का? इंग्रजीतही तसंच. त्या म्हणतील, तू म्हणू नकोस. तू ‘आय ॲम सॉरी’ म्हण.

आता ‘अंडर द वेदर’. तुझ्या उत्तरावर मी हसले, ते प्रेमाने. त्याचा अर्थ एवढाच की अंगात बरं नाही, कणकण आहे, सर्दी-पडसं आहे. मोठ्या आजाराला हे म्हणत नाहीत. पण तुला अडवलं ते त्यातल्या ‘वेदर’ने नाही, त्याच्या मागच्या इंग्लिश स्वभावाने. इंग्रज माणूस सहसा गोष्ट आहे त्याहून लहान करून सांगतो. आपण उलटं करतो. आपल्याकडे पाव्हणा चार दिवस राहिला की ‘नाकी नऊ आले’, उन्हातून आलं की ‘जीव गेला’. त्यांच्याकडे छप्पर उडालं तरी ‘अ बिट ब्रीझी’. कोरियातली गोष्ट सांगतात. एप्रिल १९५१, इमजिन नदीकाठी ब्रिटिश ब्रिगेडवर चिन्यांनी प्रचंड हल्ला चढवला. ग्लॉस्टरशायरची पलटण टेकडीवर पूर्ण वेढली गेली. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी वरिष्ठ अमेरिकन अधिकाऱ्याला कळवलं की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. ऐकणारा ब्रिटिश असता तर मदतीला धावत सुटला असता. अमेरिकन कानाला ते ‘जरा अवघड, पण निभेल’ असं ऐकू आलं. त्या पलटणीतले पाचशेहून अधिक सैनिक कैद झाले. पलटण पडली ती एका शब्दामुळे असं मी म्हणणार नाही, लढाई शब्दावर ठरत नाही. पण तुझ्या लीड्सच्या बाई ‘देअर्स अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम’ म्हणाल्या तर चहा बाजूला ठेव आणि सर्व्हर बघायला घे.

तुझ्या पत्रातून मला वाटलं की तू स्वतःला अगदी कोरी पाटी समजतेस. तशी तू नाहीस. कित्येक इंग्रजी वाक्प्रचार तू मराठीतून रोज वापरतेस आणि ते परके आहेत हे तुझ्या गावीही नाही. प्रकल्पाला ‘हिरवा कंदील’ मिळतो तो आगगाडीच्या गार्डच्या हातातला. इंग्रजीत नुसता दिवा, आपण त्याचा कंदील केला, आणि कंदील गेले तरी मराठीत तो अजून जळतोय. ‘लाल फितीचा कारभार’ आपला नव्हे, त्यांच्या कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे ज्या तांबड्या फितीने बांधत ती ही. ‘हिमनगाचं टोक’ म्हणणाऱ्या मराठी संपादकांपैकी हिमनग पाहिलेला एक तरी असेल का? ‘पेल्यातलं वादळ’ तर इंग्लंडात चहाच्या कपात होतं, अमेरिकेत चहाच्या किटलीत. हे सगळं तुला कळतं कारण ते मराठी कपडे घालून आलं. तेव्हा कॉलवर एखादा तुकडा अडला की आधी मनात मराठी करून बघ. ‘बटरिंग अप’ म्हणजे मस्का लावणं, ‘रबिंग सॉल्ट’ म्हणजे जखमेवर मीठ चोळणं, ‘पोकिंग युअर नोज’ म्हणजे नाक खुपसणं. निम्म्या वेळा गाडी बरोबर लागते.

उरलेल्या निम्म्या वेळा आपटते, तेही सांगून ठेवते. ‘पुलिंग युअर लेग’ म्हणाले की आपल्याला ‘पाय ओढतोय’ आठवतं आणि डोकं तापतं. मराठीत पाय ओढतात ते वर चढणाऱ्याचे, द्वेषाने. इंग्रजीत पाय ओढणारा फक्त तुझी फिरकी घेतोय, खेचतोय. कुणी हसत हसत ‘आय ॲम जस्ट पुलिंग युअर लेग’ म्हटलं तर रागावू नकोस, तो मैत्री करू बघतोय. आणि मीठ! ते मला फार आवडतं. मराठीत गोष्टीला मीठ लावतो सांगणारा, ‘तिखटमीठ लावून’ वाढवून सांगतो. इंग्रजीत मीठ घेतो ऐकणारा. ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’, म्हणजे जे ऐकलंस ते चिमूटभर मिठासोबत गिळ, सगळं खरं धरू नकोस. एकच मीठ, पण कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं. मला तर वाटतं आपल्याकडच्या नातेवाइकांच्या बातम्यांना दोन्हीकडचं मीठ लागतं.

‘ब्रेक अ लेग’चंही तसंच. नाटकवाल्याला रंगमंचावर जाताना ‘पाय मोड’ म्हणतात, शुभेच्छा म्हणून. चांगलं बोललं तर दृष्ट लागेल ही भीती. भीती आपल्याकडेही तीच, पण आपण दुसऱ्या टोकाने जातो. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ‘वाढली’, दुकान बंद केलं तरी ‘वाढवलं’, आणि घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’. त्यामुळे तुझ्या सादरीकरणाआधी कुणी पाय मोडायला सांगितलं तर ‘थँक यू’ म्हण.

बरं, हे सगळं घरी बसून गोड वाटतं. कॉल चालू असतो तेव्हा काय करायचं? तिथे माझं म्हणणं एकच आहे: वाक्प्रचाराचा अर्थ विचारू नकोस, कामाचं विचार. ‘टेबल म्हणजे काय?’ असं विचारलंस तर तुला ओशाळं वाटणार, ते शिकवणी घेणार, दहा माणसं थांबणार. त्याऐवजी, ‘सो, डू यू वॉन्ट धिस टुमॉरो, ऑर शॅल वी लीव्ह इट फॉर नाऊ?’ एवढं विचार. यात तू अडाणी दिसत नाहीस, उलट काम नीट समजून घेणारी दिसतेस. आणि उत्तर साध्या इंग्रजीत येतं. त्या रात्री हे एक वाक्य विचारलं असतंस तर अकराला झोपली असतीस. चर्चिलच्या अधिकाऱ्यांनी विचारलं असतं तर त्यांचाही वेळ वाचला असता.

जिथे काम अडत नाही, नुसता गप्पांचा शब्द असतो, तिथे सरळ विचार. ‘दॅट्स अ न्यू वन फॉर मी’ म्हण आणि हस. लोकांना आपल्या भाषेबद्दल सांगायला फार आवडतं. तू एखाद्या इंग्रजाला ‘पाणी कुठंतरी मुरतंय’ समजावून सांगताना किती रंगशील, विचार कर. न कळता मान हलवणं तेवढं सोड. ती सवय महाग पडते, आणि एकदा मान हलवली की पुढे विचारायची सोय राहत नाही.

पाठांतराऐवजी एक वही कर, लहान, टेबलावर राहील अशी. कॉलवर नवं काही ऐकलंस की अर्थाची घाई न करता आधी कोण म्हणालं, कुणाला, कशावरून, आणि हसत की वैतागून, हे लिही. ‘लीड्सच्या बाई, आमच्या मॅनेजरना, शुक्रवारी संध्याकाळी, लेट्स कॉल इट अ डे, सुस्कारा टाकून.’ एवढं लिहिलंस की आजचं काम इथेच थांबवू या हे कोशात न बघता कळतं. मग खात्री करायला कोश उघड. त्यातही शिकणाऱ्यांसाठीचे कोश घे, ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, तिन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्यांत अर्थाच्या आधी बारीक अक्षरात काही शिक्के मारलेले असतात: अनौपचारिक, जुनाट, विनोदी, ब्रिटिश, अमेरिकन. ते शिक्के आधी वाच, अर्थ नंतर. ‘जुनाट’ हा शिक्का वाचला असतास तर ‘आजी’ झाली नसतीस. तुझ्या विकतच्या पुस्तकात असे शिक्के असतील तर ते ठेव, नसतील तर रद्दीवाल्याचं भलं कर.

आणि वापरायचं म्हणशील, तर घाई कशाला? समजावेत शंभर, बोलावेत चार. परकीय पाहुणा आपल्याकडे येऊन साधं मराठी बोलला की आपण खूश होतो. तोच जर दर वाक्यात ‘नाचता येईना अंगण वाकडं’ करायला लागला तर आपण तोंडावर हात धरून हसू. तुझं साधं इंग्रजी दोन्ही देशांत नीट पोचतं, ते साहेबांच्या बेसबॉलपेक्षा जास्त कामाचं आहे. एखादा तुकडा पाच-सहा वेळा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकलास, तोंडात बसला, की तो आपोआप बाहेर पडेल. पडू दे. तोवर पाऊस जोरात पडतोय, एवढंच म्हण.

तुला ‘आजी’ म्हणणाऱ्याला काही बोलू नकोस. त्याला फक्त विचार की ‘डूलॅली’ म्हणजे काय. येणार नाही त्याला.

तुला मात्र यायला हवं, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. लीड्सच्या बाई म्हणाल्या ते ‘डुलली’ नव्हतं, पण तुझा कान फार दूरही गेला नव्हता. इंग्लंडमध्ये माणूस किंवा यंत्र ‘डूलॅली’ झालं म्हणजे त्याचं डोकं फिरलं, भ्रमिष्ट झालं. आणि डूलॅली म्हणजे देवळाली. तुझं देवळाली. १८६१ मध्ये तिथे गोऱ्या फौजेची छावणी पडली. हिंदुस्थानातली मुदत संपलेले सोजीर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत तिथे राहायचे. बोटी नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच दिवसांत सुटायच्या. ज्याची मुदत एप्रिलात संपली तो आख्खा उन्हाळा, आख्खा पावसाळा तिथे बसून. काम नाही, घर डोळ्यांसमोर, वरून हिवताप. कुणी दारूत बुडायचा, कुणी मारामारीत, कुणाचं डोकं खरंच ताळ्यावर राहायचं नाही. त्या अवस्थेला फौजेत ‘डूलॅली टॅप’ म्हणायला लागले. टॅप हा शब्द तुला वहीत लिहायची गरज नाही. तो ताप आहे. देवळालीचा ताप. पुढे ताप गळाला आणि गाव उरलं.

तुमच्या कॅम्पात आता तोफखान्याचं प्रशिक्षण चालतं, आणि नाशिकरोडच्या अलीकडे स्टेशनवर पिवळ्या पाटीवर ‘देवळाली’ लिहिलेलं आहे. पुढच्या सुट्टीत घरी गेलीस की त्या पाटीचा फोटो काढ, लीड्सच्या बाईंना पाठव, आणि खाली इंग्रजीत एक साधं वाक्य लिही, की तुमचा सर्व्हर माझ्या गावाला जाऊन आलाय.

– बाई